‘नियत’ : एका शब्दाचा इतिहास



मराठींत ‘नियत’ हा शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं तो कोठून आला याचा विचारही मनांत येत नाहीं. ‘त्याची नियत चांगली नाहीं’, ‘पैसा पाहिला आणि नियत फिरली’, ‘नेक नियतीचा माणूस’ हीं वाक्यें बाजारांत, बांधावर आणि कचेरींत सारखीं कानांवर पडतात. संस्कृतांत एक ‘नियत’ आहे. त्याचा अर्थ नेमलेलें, ठरविलेलें. आणि त्याचीच सख्खी बहीण जी ‘नियति’ ती म्हणजे दैव. आपला हा बोलण्यांतला ‘नियत’ मात्र त्या कुळांतला नव्हे. तो मूळचा अरबी ‘निय्यत’. फारशीच्या सोबतीनें दख्खनेंत उतरला आणि बहामनी काळापासून पुढें दफ्तरांतून व मशिदींतून लोकांच्या तोंडीं रुळला. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या राजव्यवहारकोशानें दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजून दिले, तरी ‘नियत’ लोकांच्या जिभेवरून कांहीं उतरली नाहीं. गंमत अशी कीं या दोन शब्दांचे अर्थ एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. नियतीपुढें माणसाचें कांहीं चालत नाहीं. आणि नियत ही एकच वस्तु अशी आहे कीं तिच्यावर माणसाखेरीज दुसऱ्या कोणाचें चालत नाहीं. विभक्ति लावल्यावर दोघींचें रूप सारखेंच होतें, तेव्हां ऐकणारानें थोडें सांभाळून घ्यावें.

मुसलमानी धर्मजीवनांत या शब्दाला जें स्थान आहे तें फार मोठें आहे. इ. स. ८७० मध्यें निधन पावलेल्या इमाम बुखारी यांनीं पैगंबरांच्या वचनांचा व आचरणाचा जो संग्रह केला, त्याच्या अगदीं आरंभीं त्यांनीं नियतीविषयींची हदीस घातली आहे. ती सांगणारे दुसरे खलीफा हजरत उमर. कृत्याचें मोल त्यामागच्या हेतूवर ठरतें आणि ज्यानें जें मनांत धरलें तेंच त्याच्या पदरीं पडतें, असा तिचा आशय. लगेच उदाहरण येतें तें हिजरतीचें. इ. स. ६२२ मध्यें मक्केंतील छळ सोडून पैगंबरांचे अनुयायी मदिनेला गेले. वाट एकच, उन्ह तेंच, उंटांचे तांडेही तसलेच; परंतु जो ईश्वरासाठीं निघाला त्याची ती हिजरत, आणि जो संसारांतील लाभासाठीं किंवा एखाद्या स्त्रीशीं विवाह व्हावा म्हणून निघाला त्याचा तो केवळ प्रवास. टीकाकार सांगतात कीं उम्म कैस नांवाच्या स्त्रीशीं लग्न करावयाचें म्हणून एक गृहस्थ मदिनेस गेला होता आणि लोक त्याला पुढें थट्टेनें ‘उम्म कैसचा हिजरतकरी’ म्हणत. तेराव्या शतकांत दमास्कसच्या बाजूचे विद्वान् नववी यांनीं चाळीस हदीसांची जी छोटी पोथी केली, तिच्यांतही पहिला मान याच हदीसेला आहे. आजही मदरशांतील मुलगा पाठांतराला बसला कीं पुष्कळदां पहिली गांठ हिच्याशींच पडते.

आतां एवढ्या उदात्त वचनाचें रोजच्या व्यवहारांत काय झालें, हा खरा इतिहासाचा प्रश्न. धर्मशास्त्री लोकांना उदात्तता पुरत नाहीं, त्यांना नियम लागतात. त्यांनीं विचारलें : दिवसभर उपाशी राहिलेला माणूस रोजेदार कीं केवळ अन्न न मिळालेला ? उत्तर अर्थातच असें कीं नियत असेल तर रोजा, नसेल तर उपासमार. सवय आणि उपासना यांच्यामध्यें जी रेघ आहे ती नियतीनें ओढली जाते. आणि एक उपासना दुसरीपासून वेगळी होते तीही नियतीनेंच. सकाळच्या दोन रकात नमाज फर्ज म्हणून पढलें कीं ऐच्छिक म्हणून, हें बाहेरून पाहणाराला ओळखतां यावयाचें नाहीं.

महाराष्ट्रांत या विषयाला एक विशेष रंग आहे, आणि तो पुष्कळ सुशिक्षितांनाही माहीत नसतो. घाटावरचे, म्हणजे देशावरचे मुसलमान बहुतेक हनफी संप्रदायाचे. कोंकणांतले, म्हणजे रत्नागिरी, रायगड, ठाणें या पट्ट्यांतले आणि तेथून मुंबईंत गेलेले कोंकणी मुसलमान शाफई संप्रदायाचे. कोंकणच्या बंदरांना अरबी समुद्रावरून येणाऱ्या व्यापाऱ्यांनीं शाफई मत दिलें. देशावर तें आलें उत्तरेकडून आणि मध्य आशियांतून, सुलतानांच्या फौजा व काजी यांच्याबरोबर, म्हणून हनफी. सह्याद्रीच्या दोन अंगांना पाऊस जसा निराळा पडतो, तसा नियतीचा नियमही निराळा आहे.

समजा, माणच्या शिवारांतला एखादा शेख किंवा मुलाणी श्रावणांत ओढा ओलांडतांना पाय घसरून पाण्यांत पडला आणि नखशिखांत भिजला. दुपारच्या नमाजाची वेळ झाली. त्यानें वजू केला असें धरावयाचें कीं नाहीं ? हनफी शास्त्री म्हणतो, झाला. पाण्याचा धर्मच शुद्ध करण्याचा आहे, हात, तोंड, मस्तक, पाय सारे भिजले, मग राहिलें काय? नियत असती तर पुण्य लाभलें असतें, एवढेंच. शाफई शास्त्री म्हणतो, झाला नाहीं. जें मनानें केलें नाहीं तें केलेंच नाहीं. त्यानें वर येऊन पुन्हां वजू करावा. तोच प्रकार रमजानच्या रोजाचा. शाफई कोंकण्यानें प्रत्येक रात्रीं, पहाट फुटण्यापूर्वीं, उद्यांच्या रोजाची नियत करावीच लागते. हनफी माणूस पहाटे झोंपून राहिला आणि त्यानें कांहीं खाल्लेंप्यालें नसेल, तर दुपारपूर्वींही त्याला रमजानच्या त्या दिवसाची नियत करतां येते. चिपळूणचा मुलगा आणि पुण्याची मुलगी यांचें लग्न झालें म्हणजे हे भेद एकाच चुलीपाशीं नांदूं लागतात आणि सासूसुनांत त्यावरून थोडी बोलाचालीही होते. सेहरीसाठीं उठून घांस घेतला कीं तीच नियत, असें हनफी ग्रंथकारांनीं म्हटलें असल्यामुळें घरांतली भांडणें पुष्कळदां ताटावरच मिटतात.

प्रवासाचा नियम तर आमच्या या टापूंत रोज उपयोगाचा. माण, हिंजवडी, चाकण, पिंपरी येथें आतां नांदेड-लातूरपासून बिहारपर्यंतचीं माणसें खोल्या घेऊन राहतात. शास्त्राप्रमाणें प्रवाशाला चार रकातींचें फर्ज नमाज दोन रकातींवर आणण्याची मोकळीक आहे. प्रवासी कोण ? तर तीन दिवसांच्या चालीचा पल्ला, ज्याचा हिशेब पुढें सुमारें अठ्ठेचाळीस मैल असा बसविला गेला, तो ओलांडून जो निघाला तो. आणि प्रवास संपतो केव्हां ? येथें पुन्हां नियत. हनफी मतानें एका जागीं पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक राहण्याची नियत केली कीं माणूस तेथला रहिवासी झाला. शाफई मतानें येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवसांची नियत पुरते. नांदेडहून कामाला आलेला तरुण खोलीचें भाडें भरतो त्याच दिवशीं माणचा रहिवासी होतो, मग शिधापत्रिका कोठलीही असो. परंतु चाकणच्या नाक्यावर माल भरण्यासाठीं थांबलेला मालमोटारीचा चालक पाहा. आज भरेल, उद्यां भरेल, असें म्हणत तो महिनाभर तेथेंच अडकून पडला, तरी त्यानें राहण्याची नियत केलेली नाहीं, म्हणून हनफी शास्त्राप्रमाणें तो प्रवासीच. एकाच मशिदींत, एकाच सफेंत ते दोघे खांद्याला खांदा लावून उभे असतात, आणि तरी एक आपल्या गांवीं आहे आणि एक वाटेवर आहे. इमाम स्थानिक असला तर प्रवाशानेंही त्याच्यामागें पुरें चार रकात पढावें, असाही नियम आहे. नाहीं तर रांगेंत गोंधळच व्हावयाचा.

नियत ही मनाची कीं तोंडाची, यावरही वाद झाला. आपल्याकडे नमाजाला उभें राहतांना अमुक वेळचें, इतक्या रकातींचें, तोंड काबेकडे करून, अशी उर्दू किंवा दक्खनी शब्दांत नियत पुटपुटण्याची रीत घरोघर आहे. मराठी मुलुखांतील मुलांनीं हीं वाक्यें छोट्या पुस्तकांतून पाठ केलेलीं असतात. सर्व शास्त्रकारांना मान्य असलेली गोष्ट एवढीच कीं नियतीचें ठिकाण अंतःकरण. जिभेनें उच्चारलें आणि मन बाजारांत असलें तर तो उच्चार निरर्थक. उत्तरकालीन हनफी व शाफई पंडितांनीं उच्चार चांगला म्हटला, कारण त्यानें भटकणारें मन ताळ्यावर येतें. दमास्कसचे इब्न तैमिया (१२६३–१३२८) व त्यांच्या वळणाचे लोक याला नवीन काढलेली रीत समजून नाकारतात. आयुष्यभर मुलांना पाठांतर करून घेण्यांत गेलेल्या माणसाला दोन्ही बाजू पटतात. पाढा मोठ्यानें म्हटल्यावांचून ठसत नाहीं हें खरें, आणि मोठ्यानें म्हणणारा मुलगा पुष्कळदां खिडकीबाहेर पाहत असतो हेंही खरेंच.

पैशाच्या बाबतींत नियतीचा नियम मला सर्वांत सुंदर वाटतो. जकात म्हणजे ठराविक मर्यादेवर असलेल्या व वर्षभर टिकलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरजूंना देणें. देणाराच्या मनांत, देतेवेळीं किंवा ती रक्कम बाजूला काढतेवेळीं, ही जकात आहे अशी नियत हवी. परंतु घेणाराला तसें सांगण्याची गरज नाहीं, असें हनफी ग्रंथ स्पष्ट म्हणतात. ईदी म्हणून द्या, बक्षीस म्हणून द्या, उसने म्हणून द्या. हेतु आपल्या मनांत असला म्हणजे जकात अदा झाली. ज्या विधवेनें आयुष्यांत हात पसरला नाहीं तिच्या नातवंडांच्या हातांत ‘मिठाई खा’ म्हणून पाकीट ठेवणारे लोक मला माहीत आहेत. शास्त्रानें येथें देणाराच्या पुण्यापेक्षां घेणाराच्या लाजेची काळजी अधिक घेतली आहे. हल्लीं शिधा वांटतांना छायाचित्रें काढून घेण्याची जी टूम निघाली आहे ती या नियमाशीं कशी जुळते, तें वांटणाऱ्यांनींच पाहावें.

आमच्या परिसरांतच या विषयाची एक कथा आहे, आणि ती मुसलमानांनीं नव्हे तर वारकऱ्यांनीं जपून ठेविली आहे. तुकोबांच्या काळीं पुण्यास अनगडशहा नांवाचे एक फकीर राहत असत. वाघोलीचे रामेश्वरभट्ट, ज्यांच्या विरोधामुळें तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत गेल्या असें चरित्रें सांगतात, ते एकदां पुण्यास आले असतां अनगडशहांच्या जागेंतल्या पाण्यांत उतरले आणि फकिराच्या शापानें त्यांच्या अंगाचा दाह होऊं लागला. तो शमला शेवटीं तुकोबांच्या अभंगानें. आपल्या शब्दाचा जोर नाहींसा करणारा हा वाणी कोण, तें पाहावें म्हणून फकीर देहूस आले. त्यांच्या हातांत एक कटोरा होता. कोणी कितीही घातलें तरी तो भरत नसे. तुकोबांच्या दारांत त्यांनीं भिक्षा मागितली. घरांत काय असणार ? तुकोबांच्या लहान मुलीनें चिमूटभर पीठ आणून कटोऱ्यांत टाकलें, आणि कटोरा भरून पीठ खालीं सांडलें.

चमत्कार वजा केला तरी कथेंतला हिशेब शिल्लक राहतो. सावकारांचीं शेरांनीं मोजलेलीं धान्यें त्या भांड्याला पुरलीं नाहींत, कारण तें भांडें धान्य मोजीत नव्हतें. एका मुसलमान फकिराची ही परीक्षा मराठी वैष्णवांना तत्काळ उमगली, आणि त्यांनीं फकिराला शत्रु न ठरवितां आपल्या वाटेवर जागा दिली. देहूला अनगडशहा बाबांचा दर्गा आहे. १६८५ पासून नारायण महाराजांनीं पालखी सोहळ्याची जी परंपरा घालून दिली, तींत तुकोबांची पालखी देहूंतून निघाली कीं या दर्ग्यापाशीं थांबते आणि तेथें अभंग-आरती होते. हिंदुमुसलमानांच्या ऐक्यावर व्याख्यानें झोडणाऱ्यांपैकीं किती जणांनीं ही आरती उभें राहून ऐकली आहे कोण जाणे.

श्रीगोंद्याचे शेख महंमद याच सतराव्या शतकांतले. ‘योगसंग्राम’ आणि ‘निष्कलंक प्रबोध’ हे त्यांचे ग्रंथ मराठींत आहेत. दाखवेगिरीच्या धर्मावर, मग ती माळेची असो कीं तसबीहीची, त्यांनीं कडक लिहिलें. त्यांच्यावर स्वतंत्र भाषण व्हावयास हवें, म्हणून येथें नांव घेऊनच पुढें जातों.

इतिहासाच्या अभ्यासकाला नियतीविषयीं एक अडचण असते. नियत कागदावर उतरत नाहीं. जो गाजावाजा करतो त्याचे कागद राहतात, आणि जो गुपचूप करतो त्याचे राहत नाहींत. म्हणजे ज्यांची नियत सर्वांत निर्मळ, तेच इतिहासांत सर्वांत पुसट. पुण्याचें एक उदाहरण घ्या. १८४९ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळेपायीं वडिलांचें घर सोडावें लागलें, तेव्हां गंज पेठेंतील उस्मान शेख यांनीं त्यांना आपल्या घरांत आसरा दिला असें सांगतात. त्या घरच्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामांत सहकारी होत्या. त्यांच्याविषयीं समकालीन पुरावा अगदीं थोडा. सावित्रीबाईंनीं माहेराहून, आजारपणांत, १० ऑक्टोबर १८५६ रोजीं जोतीरावांना लिहिलेल्या पत्रांत एक ओझरता उल्लेख आहे. आपल्या मागें कामाचा भार फातिमावर पडत असेल, पण ती तक्रार करणारी नव्हे, एवढाच त्याचा भाव. भाषणें नाहींत, हिशेबाच्या वह्या नाहींत, सत्काराचा वृत्तांत नाहीं. हल्लीं त्यांच्यावर कल्पनेचीं पुटें चढविणारे एका बाजूला आणि त्या झाल्याच नाहींत म्हणणारे दुसऱ्या बाजूला उभे आहेत. मला तें एक ओळीचें पत्र पुरेसें वाटतें.

आतां नियत न्यायालयांत गेली म्हणजे काय होतें तें पाहूं; कारण तेथें हा विषय पुस्तकी राहत नाहीं. मुसलमानी धर्मांत आपल्या कुटुंबावर केलेला खर्चसुद्धां, नियत शुद्ध असेल तर, दानधर्मांत मोडतो. बायकोच्या तोंडीं घातलेल्या घांसाचेंही पुण्य आहे अशी हदीस आहे. या आधारावर लोक आपली मिळकत वक्फ करीत, उत्पन्न पिढ्यान् पिढ्या मुलाबाळांना द्यावें आणि वंश खुंटल्यावर तें गरिबांकडे जावें, अशी व्यवस्था लिहीत. १८९४ मध्यें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें बंगालच्या एका खटल्यांत ठरविलें कीं गरिबांचें नांव इतकें दूर ढकललेलें असेल तर तें दान केवळ दिखाऊ. मिळकत घरांतच राखण्याचा हा बेत आहे. सय्यद अमीर अलींसारख्या विधिज्ञांनीं याविरुद्ध लिहिलें. शेवटीं मुंबई इलाख्यांतील मुसलमानांच्या मतदारसंघांतून वरिष्ठ कायदेमंडळांत गेलेले बॅरिस्टर महंमदअली जीना यांनीं १९११ मध्यें विधेयक आणलें आणि १९१३ मध्यें मुसलमान वक्फ विधिमान्यता कायदा मंजूर झाला. १९३० मध्यें तो पूर्वीच्या वक्फांनाही लागू करण्यांत आला.

परकी न्यायाधीशांना मुसलमानांची दानाची कल्पना कळली नाहीं, ही तक्रार खरीच होती. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुराणानें मुलीला वांटा दिला आहे. मृत्युपत्रानें एकतृतीयांशापलीकडे मिळकत वळवितां येत नाहीं. असे बांध असतांना कांहीं जमीनदारांनीं व व्यापाऱ्यांनीं वक्फाचा उपयोग मुलींचा वांटा चुकविण्यासाठीं आणि सावकाराला हात हलवीत परत पाठविण्यासाठीं केला. कागदावर ईश्वराचें नांव आणि मनांत थोरला मुलगा, असे ते वक्फ होते. त्यांची नियत लंडनच्या न्यायाधीशांना दिसली हें आपल्याला आवडलें नाहीं, एवढेंच.

याहून कठोर प्रसंग तलाकचा. आणि मला वाटतें, नियतीच्या साऱ्या इतिहासांत हीच खरी कसोटीची जागा आहे. रोजाच्या पहाटेंत, प्रवासाच्या मुक्कामांत ज्या हनफी शास्त्रानें पदोपदीं नियत विचारली, त्याच शास्त्रानें तलाकच्या ठिकाणीं मात्र ती विचारण्याचें नाकारलें. शब्द संदिग्ध असेल, ‘जा माहेरीं’ असा कांहीं, तर नवऱ्याची नियत पाहावी. पण ‘तलाक’ हा स्पष्ट शब्द उच्चारला कीं रागांत असो, थट्टेंत असो, नशेंत असो, तो लागू झाला. याचें मूळ कारण वाईट नव्हतें. नवऱ्यानें सकाळीं शब्द टाकावा, संध्याकाळीं ‘मी थट्टा केली’ म्हणावें, आणि बायकोला ना सोडलेली ना धरलेली अशी टांगून ठेवावी, हें बंद व्हावें म्हणून विवाह व तलाक यांत थट्टेला जागा नाहीं असें ठरविण्यांत आलें. एका बैठकींतल्या तीन तलाकांची गोष्टही तशीच. पैगंबरांच्या काळीं, पहिल्या खलीफाच्या काळीं आणि हजरत उमर यांच्या खिलाफतीच्या आरंभींच्या वर्षांत असे तीन उच्चार एकच मानले जात. पुढें लोक उतावळे झालेले पाहून उमरनीं ते तीन म्हणून लागू केले, अशी हदीस आहे. म्हणजे नियतीची हदीस ज्यांच्या मुखें जगाला मिळाली, त्यांच्याच हुकुमानें बेजबाबदार नवऱ्यांना धाक बसावा म्हणून हा कडक नियम आला. धाक नवऱ्यांना बसला नाहीं. शिक्षा बायकांना झाली.

इंग्रजी न्यायालयांनीं हा नियम दगडावर कोरल्यासारखा पक्का केला. मुंबई उच्च न्यायालयानें विसाव्या शतकाच्या आरंभींच एका निकालांत सांगून टाकलें कीं असा तलाक धर्मदृष्ट्या वाईट असला तरी कायद्यानें पक्का आहे. १९३२ मध्यें प्रिव्ही कौन्सिलपुढें संयुक्त प्रांतांतील एक खटला आला. १९०५ मध्यें एका गृहस्थानें साक्षीदारांसमोर, बायको हजर नसतांना, तीन वेळां तलाक उच्चारला होता आणि तलाकनामाही केला होता. पुढें तीं दोघें पंधरा वर्षें नवराबायकोसारखीं एकत्र राहिलीं, पांच मुलें झालीं, आणि १९२० मध्यें तो वारला. वारसाचा प्रश्न निघाला. त्याची खरोखर सोडण्याची नियत नव्हती, असें बायकोच्या बाजूनें म्हणणें पडलें. न्यायाधीशांनीं उत्तर दिलें कीं शब्द स्पष्ट असतां मनांतल्या हेतूला कायद्यांत किंमत नाहीं. ती विधवा विधवा राहिली नाहीं आणि तीं पांच मुलें औरस राहिलीं नाहींत. पंधरा वर्षांचा संसार ही एवढी मोठी नियत डोळ्यांपुढें असतांना ती पाहावयाची नाहीं, असें ठरलें.

सर्वच संप्रदायांचें असें मत होतें असें मात्र नव्हे. शिया शास्त्रांत तलाकला शुद्ध हेतु आणि दोन साक्षीदार लागतात. इब्न तैमियांनीं एका बैठकींतले तीन एकच धरले. आपल्याकडचे अहले हदीसही तसेंच मानतात. म्हणजे दार होतें, पण बहुसंख्य समाजानें तें लावून घेतलें होतें. १९३९ च्या कायद्यानें मुसलमान स्त्रीला कांहीं कारणांसाठीं न्यायालयांतून फारकत मागण्याचा हक्क दिला, परंतु नवऱ्याच्या तोंडाला लगाम घातला नाहीं.

महाराष्ट्रांत हा प्रश्न चव्हाट्यावर आणला तो चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाई यांनीं. जन्म १९३२ चा, म्हणजे ज्या वर्षीं लंडनला तो निकाल झाला त्याच वर्षाचा. १८ एप्रिल १९६६ रोजीं त्यांनीं मुंबईंत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करावें, ही मागणी. सात बायकांचा मोर्चा म्हणून पुष्कळांनीं हंसण्यावारी नेला. २२ मार्च १९७० रोजीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. नांवांत जोतीरावांचें ऋण उघड आहे. दलवाईंच्या नियतीवर दोन्हीकडून संशय घेतला गेला. मुसलमानांतले पुष्कळ जण म्हणत, हा दुसऱ्यांच्या हातचें बाहुलें. दुसऱ्या बाजूचे त्यांचें कौतुक करीत, पण त्या कौतुकाचा हेतु त्यांना स्वतःला पुष्कळदां मान्य नसे आणि तसें ते स्पष्ट बोलून दाखवीत. १९७७ मध्यें, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं ते वारले.

त्यांच्या मागें काम थांबलें नाहीं. तलाकपीडित स्त्रियांच्या परिषदा भरल्या, अर्ज लिहिले गेले, पोटगीचे दावे लढले गेले. २००२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्ण पीठानें निकाल दिला कीं ‘मी तलाक दिला आहे’ असें नवऱ्यानें नुसतें म्हणून भागत नाहीं; कारण काय, समेटाचा प्रयत्न झाला कीं नाहीं, हें त्यानें सिद्ध केलें पाहिजे. म्हणजे प्रथमच मराठी मुलुखांतल्या न्यायासनानें नवऱ्याला विचारलें : तुझी नियत काय होती ती दाखव. त्याच सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तशाच आशयाचा निकाल दिला. पुढें २२ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं एका दमांतला तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला, आणि २०१९ च्या कायद्यानें तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा अपराध झाला. तुरुंगाच्या शिक्षेविषयीं मुसलमान स्त्रियांच्या चळवळींतही एकमत नाहीं. नवरा कैदेंत गेल्यावर पोटगी द्यावी कोणी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि कायद्यानें त्याचें नीट उत्तर दिलेलें नाहीं.

मुंबईंत त्या सात बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या, तेव्हांपासून दिल्लींत निकाल वाचला जाईपर्यंत एक्कावन वर्षें आणि चार महिने गेले.